जशी आहे तशी

दुकानदारानं रायफल उचलली आणि नळीकडे न बघता, घोड्याकडे न बघता, तिचा लाकडी दस्ता सरळ नाकाशी नेऊन हुंगला. दूध नासलंय का बघायला पातेलं हुंगतात तसा. मी हसत राहिलो. "वॉर्निश," तो म्हणाला. "तीन कोट," मी म्हणालो. तीन कोट! हे सांगताना माझ्या आवाजात काय तोरा होता! तो आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. डेल त्याचं नाव. साठीचा, पोट सुटलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि टेक्ससच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक वाक्याला सर. त्यानं रायफल काउंटरवरच्या हिरव्या फेल्टवर ठेवली, चष्मा चढवला, परत काढला. "सर, मंगळवारी फोन केला होता ते तुम्हीच ना? बर्माहून आलेली, हिरवा रंग पोपडे निघालेला, दस्त्याला चिंध्या गुंडाळलेल्या?" "मीच तो," मी म्हणालो. "मग ती कुठाय?" त्यानं विचारलं.

"हीच ती," मी म्हणालो, आणि त्यानं काउंटरवरून वाकून माझ्या मागं, दाराकडे बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की काहीतरी भयंकर झालंय. शनिवार होता, सकाळचे दहा वाजले होते. भिंतीवर हरणांची मुंडकी होती, काचेच्या दारातून शेजारच्या डोनटच्या दुकानाचा गोड वास आत येत होता, आणि माझ्या डोक्यात एकच आकडा होता: आठशे तीस. बापू, म्हणजे माझे वडील, कामठीत घरी पडून होते. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. माझा धाकटा भाऊ राकेश दहा दिवसांपूर्वी फोनवर म्हणाला होता, "दादा, डॉक्टर आठवडा म्हणतात. जास्तीत जास्त दोन. तू निघ." निघ! शरयूताई डॅलसजवळ आमच्या अर्विंगमध्ये घरातूनच तिकिटांचं काम करतात, त्यांनी डॅलस-मुंबईची एक सीट धरून ठेवली होती, शनिवारी दुपारी दोनपर्यंत. तेराशे चाळीस डॉलर. आमच्याकडे होते पाचशे दहा. सप्टेंबरमध्ये माझी नोकरी गेली होती, आणि हा फेब्रुवारी होता. पाच महिने मी कंपनीचा बिल्ला गाडीत तसाच लटकवून ठेवला होता, कारण शेजारी बघतात. कामठीला तर पत्ताच नव्हता. दर महिन्याला पैसे जायचे ते बंद झाले, तेव्हा मी राकेशला म्हणालो होतो की नवीन घराचं बघतोय.

ही रायफल माझ्याकडे आली ती हॉलिसकडून. मिस्टर हॉलिस आमचे शेजारी, एकटे, कुत्रा आणि टोमॅटोची झाडं एवढाच संसार. मी त्यांचं गवत कापायचो, दर महिन्याला त्यांना सैनिकांच्या हॉस्पिटलात न्यायचो. दुसऱ्या महायुद्धात ते बर्माच्या जंगलात ट्रक दुरुस्त करत होते, आणि तिथं एका हिंदी शिपायाकडून सिगारेटच्या बदल्यात त्यांनी ही घेतली. मेले तेव्हा त्यांच्या मुलीनं ती आणून दिली, सोबत त्यांच्या हातचं पत्र: कुठं मिळाली, कधी, कशी दिसते. "डॅड म्हणायचे, ही तुमच्या देशाची आहे." कामाठ्याच्या हातातलं घमेलं बरं अशी तिची अवस्था होती. कमला, माझी बायको, नाक मुरडून म्हणाली, "घरात वाढती पोरगी आहे, आणि हे काय आणलंय? आणि किती ती घाण!" उपासना, आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स सो ग्रोस." मग दोन वर्षं रायफल कोटांच्या कपाटात मागं उभी होती. बापूंना मी फोनवर सांगितलं. ते स्वतः त्याच लढाईत ब्रह्मदेशात, म्हणजे बर्मातच होते, महार रेजिमेंटमध्ये, आणि ती हकिकत त्यांनी आम्हाला कधी धड सांगितली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "साफ केली का?"

तर मंगळवारी मी डेलला फोन केला. पत्र वाचून दाखवलं. पलीकडे तो एकदम जागा झाल्यासारखा वाटला. म्हणाला, त्याच्या ओळखीचा एक माणूस फोर्ट वर्थला आहे, बर्माच्या आघाडीवरच्या वस्तूंसाठी वेडा आहे, तो आठशे देईल, कदाचित नऊशे. आठशे तीस लागणार होते आणि हा नऊशे म्हणत होता! मी विचारलं, काही करून आणू का? तो म्हणाला, "काहीएक करू नका सर. जशी आहे तशी आणा." आणि मी काय ऐकलं? तसं ऐकायला बरोबरच ऐकलं. पण आपल्याकडे कुणी जेवायला बोलावलं आणि म्हणालं, येताना काही आणू नका हं, तर आपण रिकाम्या हातानं जातो का? चहा नको म्हणणाऱ्याला आपण चहा देतोच ना? जशी आहे तशी आणा म्हणजे त्याची माणुसकी, त्याचा चांगुलपणा. आणि दुसऱ्याच्या चांगुलपणाचा फायदा घेऊन घाणेरडी वस्तू त्याच्यापुढं टाकायची, हे मला या जन्मात जमलं नसतं. मी, सुभाष, बापूंचा मुलगा, घाणेरडी वस्तू घेऊन कुणाच्या दारात जाणार? अशक्य.

बापूंचं एकच वाक्य होतं: कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. फौजेतून ते पेन्शन घेऊन आले आणि सोबत हे वाक्य घेऊन आले. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी आणि राकेश अंगणात उभे राहायचो, हात पुढं करून, आणि ते नखं तपासायचे, कानामागं बघायचे, कॉलर उलटी करून बघायचे. शर्टाला निखाऱ्याच्या इस्त्रीची कडक घडी. बुटात तोंड दिसलं पाहिजे. एकदा माझ्या पाटीच्या लाकडी कडेवर मी खिळ्यानं नाव कोरलं, तर त्यांनी ती रात्रभर घासून माझ्याकडून कोरी करून घेतली. म्हणाले, फौजेत सरकारी मालावर ओरखडा काढला की पगार कापतात. आई म्हणायची, "अहो, लहान आहेत ती." तर म्हणायचे, "आपल्याला लहान असून चालत नाही." हे का, ते मला पुढं नागपूरला इंजिनिअरिंगच्या होस्टेलात कळलं. माझा रूम-पार्टनर होता त्र्यंबक. चहाची किटली आमची दोघांची मिळून. माझं आडनाव समजल्यापासून त्यानं एक नवीन पद्धत सुरू केली: मी चहा घेतला की तो किटली उचलायचा आणि नळाखाली नेऊन धुवायचा. बोलायचा काही नाही, वागायचा उलट फार गोड. म्हणून मग मीच आधी धुवायला लागलो. राखेनं, चिंचेनं, पितळ अगदी सोन्यासारखं निघेपर्यंत. त्याला धुवायला कारणच ठेवायचं नाही. मी चकचकीत किटली जागेवर ठेवायचो आणि वाट बघायचो. तो यायचा, किटली उचलायचा आणि नळाखाली न्यायचा. चार वर्षं. चार वर्षं मी त्या माणसाच्या समोर किटली घासली, आणि चार वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की माझ्या घासण्याचा आणि त्याच्या धुण्याचा काही संबंध नाही. अजूनही मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी आमच्याकडे येणार असेल तर मी बाथरूमच्या फरशीच्या फटी जुन्या टूथब्रशनं घासतो. कमला म्हणते, "लोक पुरणपोळी खायला येतायत, ऑपरेशन करायला नाही."

त्यामुळे बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस मी गॅरेजमध्ये होतो. आणि खरं सांगतो, पाच महिन्यांत इतका सुखी मी नव्हतो. हाताला काम होतं. चिंध्या कापून टाकल्या, त्या वासानं उमासा यायचा. हिरवा रंग काढायला डब्यातलं औषध लावलं, तो पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटून आला आणि खालचं लाकूड दिसलं. नळीवरचा गंज तारेच्या ब्रशनं खरडला. पितळेची पट्टी तर अशी निघाली की माझं नाक त्यात दिसायला लागलं. मी गुणगुणत होतो म्हणे. उपासना दारातून डोकावून म्हणाली, "बाबा, यू लुक हॅपी," आणि निघून गेली. रायफल पुसताना मी बापूंशी मनातल्या मनात बोलत होतो: येतोय, येतोय, रविवारी निघतो, मंगळवारी तुमच्यापाशी. गुरुवारी दुपारी रंग पूर्ण निघाला आणि दस्त्याच्या डाव्या बाजूला ओरखडे दिसले. खिळ्यानं नाहीतर संगिनीच्या टोकानं काढलेले. मी दिव्याखाली धरले. आपली अक्षरं होती, बाळबोध, वाकडीतिकडी, नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाची. पहिली दोन गेलेली. शेवटचं अक्षर 'जी'. कुणीतरी काहीतरी-जी. मी बराच वेळ अंगठा फिरवत बसलो होतो. मग मला आठवलं, सरकारी मालावर ओरखडा. मग मी जाडा पॉलिशपेपर घेतला.

हे डेलला मी सांगितलं नाही. तो आता टॉर्च आणि भिंग घेऊन इंचाइंचानं बघत होता, डॉक्टर करतात तसं मध्येच हं हं करत. त्यानं मला नीट समजावून सांगितलं, रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. अशा रायफली हजारोंनी आल्या सर, पिंपात भरून विकल्या. नुसती रायफल म्हणजे काही नाही. किंमत कशाला? त्या रंगाला. आघाडीवर, जंगलात, कुणीतरी हातानं लावलेल्या रंगाला. त्या चिंध्यांना. गंजाच्या त्या विशिष्ट तपकिरीला, ती यायला पन्नास वर्षं लागतात. आणि हे पत्र. त्यानं हॉलिसचं पत्र दोन बोटांनी उचललं. "हे पत्र आता दुसऱ्याच रायफलीबद्दल आहे." मग त्यानं दस्त्याच्या डाव्या बाजूवर अंगठा फिरवला, अगदी त्याच जागी. "इथं लाकूड जरा खोल गेलंय. काही कोरलेलं होतं का? शिपाई नावं कोरायचे. नाव असलेली असती तर तो माणूस हजाराच्याही वर गेला असता." "नाही," मी म्हणालो, "काही नव्हतं." "नक्की?" "नक्की."

मग मी जे बोललो त्याची मला मरेपर्यंत लाज वाटेल. मी म्हणालो, "मी परत रंग लावून आणू का? हिरवा? तासाभरात आणतो." आणि मी ते मनापासून बोलत होतो हो! मला समोरचं हार्डवेअरचं दुकान दिसत होतं, मी डब्याची किंमतसुद्धा धरली होती. डेलनं चष्मा काढला आणि पोटावर लोंबू दिला. दोनच्या आत, मी म्हणालो, फक्त मला दोनच्या आत पैसे पाहिजेत, माझे वडील आजारी आहेत. बोललो! पाच महिने एकाही माणसासमोर हात पसरला नव्हता, आणि पसरला तो या हरणांच्या मुंडक्यांखाली, टेक्ससमधल्या एका बंदूकवाल्यापुढं. त्याच्या तोंडावर खरोखर वाईट वाटल्याचं दिसत होतं. त्यानं किमतींचं एक जाड पुस्तक काढलं, पान उघडलं, माझ्याकडे वळवून बोट ठेवलं, म्हणजे मला वाटायला नको की तो फसवतोय. ऐंशी. "मी एकशे वीस देतो," तो म्हणाला, "एखादा पोरगा हरणावर वापरेल. काम फार सुंदर केलंय सर, हे मात्र म्हणायला पाहिजे. असं फिनिश मी कित्येक वर्षांत बघितलं नाही." सहा विसाच्या नोटा. मी सही केली.

गाडीत बसलो आणि गाडी चालू करायची विसरलो. कमला रोज म्हणत होती, "विनयला फोन कर ना रे. एक फोन. तो नाही म्हणणार नाही." विनय माझ्याबरोबर त्याच कंपनीत होता, त्याची नोकरी टिकली, मनानं चांगला, आमच्यातलाच, औरंगाबादचा. शंभर टक्के दिले असते. पण मग त्याला सांगायला लागलं असतं की घरात पाचशे दहा आहेत, की लाँग डिस्टन्स फोन कंपनीनं तोडलाय, की कमला किराणा दुकानात पहाटे समोसे तळायला जाते. मग ते जागृतीला, त्याच्या बायकोला समजलं असतं, मग रविवारी विहारात सगळ्यांना. बोट ठेवायला जागा! मी त्या जागेवर वॉर्निशचे तीन कोट देऊन बसलो होतो. बापूंना बघायला जाता येईना ते पैशामुळे नाही, बापूंच्याच वाक्यामुळे, हे मला त्या पार्किंगमध्ये इतकं लख्ख दिसलं की मी स्टिअरिंगवर डोकं आपटलं. मला बापूंचा राग आला. मरायला टेकलेल्या माणसाचा इतका राग मला येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मग वाटेत किराणा दुकानात थांबलो आणि त्या सगळ्या पैशांची फोनकार्डं घेतली. वीस डॉलरचं एक कार्ड, पंचवीस मिनिटं. सहा कार्डं.

घरी कमलानं माझ्या तोंडाकडे बघितलं. कार्डं ओट्यावर ठेवली तेव्हा म्हणाली, "हे रे काय केलंस तू," आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. सव्वाबारा वाजले होते, कामठीत रात्रीचे पावणेबारा. राकेशनं पहिल्याच रिंगला उचलला. "दादा, कुठं आहेस? विमानतळावर?" मी म्हणालो, "बापूंच्या कानाला लाव फोन." "ते बोलत नाहीत रे, पण—" "लाव तू." तारेची ओढाताण ऐकू आली, खाटेचा आवाज, आणि मग श्वास. घरघर, मध्ये थांबणारी, पुन्हा जोर करून चालू होणारी. मी म्हणालो, बापू, सुभाष बोलतोय. माझी नोकरी गेली. सप्टेंबरमध्येच गेली. घराचं मी खोटं सांगितलं. आणि एकदा बांध फुटल्यावर थांबेना. तिकिटाचं सांगितलं, रायफलचं सांगितलं, तीन कोट, ते पुस्तकातले ऐंशी. होस्टेलातल्या किटलीचं सांगितलं, ते तर मी कमलालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, बापू, तिच्यावर कुणाचं तरी नाव होतं. आपल्याच कुणाचं असेल. तुमच्याबरोबर असेल तो तिथं. मी घासून टाकलं. तुम्ही शिकवलं तसंच केलं हो मी, आयुष्यभर केलं, आणि कुणीसुद्धा बोट ठेवायचं थांबलं नाही. मी रडत होतो, मोठ्यानं, बारा वर्षांची मुलगी जिन्यात उभी असताना. पलीकडची घरघर कमी झाली होती. मला वाटलं, ऐकतायत. मला वाटलं, माझ्या आवाजानं त्यांना जरा शांत वाटतंय. मी आवाज खाली आणला, घरच्या अंगणाबद्दल बोललो, नखांबद्दल, आईबद्दल. आणि बोलता बोलता मला एकदम सोपं दिसलं सगळं. घड्याळात पाऊण वाजत आला होता. विनयला फोन करायचा, सांगायचं, पैसे दे. एवढंच तर होतं! कमलाला मी हातानं खूण केली, विनय, विनयचा नंबर काढ, आणि ती धावत डायरी घेऊन आली. मी म्हणालो, बापू, मी येतो. विनयकडून घेतो आणि येतो. मंगळवारी तुमच्यापाशी आहे मी.

तेवढ्यात कार्डातली ती बाई इंग्रजीत म्हणाली की एक मिनिट उरलं आहे. मी ओरडलो, "राकेश, राकेश, फोन ठेवू नको, मी दुसरं कार्ड लावतो. बापूंना सांग, लगेच लावतो." राकेशचा आवाज आला, अगदी जवळून, जणू रिसीव्हर मघापासून त्याच्याच गालाशी होता. "दादा, नको लावूस." "का?" "बापू गेले रे. मघाशीच गेले. तू बोलत होतास, म्हणून मी फोन काढला नाही."